डोंगराला एक, दरीला दोन

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दुष्काळ नुकताच सरला होता, रॉकेलला रांगा लागत होत्या, पेट्रोल महागलं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या रहिमतपूरच्या लालासाहेबांना आपली पिकप जोरात पळावी असं वाटायला लागलं.

ही पिकप महायुद्धातली. अमेरिकेतून बोटीनं आलेली, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, शेवाळी रंगाची. पुढे दोघातिघांची केबिन आणि मागे उघडा हौदा, त्याच्या शेवटी खाली पाडता येणारा फाळका. गिअर तीनच, पण तिची जात ओढणारी होती. चिखलात रुतलेली उसाची गाडी ती दोरखंड बांधून बाहेर काढायची. विहिरीवरचं इंजिन हौद्यात टाकून नांगरलेल्या रानातून चालायची. गावातल्या प्रत्येकानं तिच्याकडून कधी ना कधी काम करून घेतलं होतं आणि तिनं कधी कुरकूर केली नव्हती. हमरस्त्यावर मात्र ताशी तीस मैलांच्या पुढे गेलं की ती अशी बोंबलायची की केबिनमधल्या माणसांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही. चंद्राबाई म्हणजे लालासाहेबांच्या बायको. त्या म्हणायच्या, यातला हाच भाग बरा.

बारा वर्षं हे असंच चाललं होतं. मग फेब्रुवारीत कराडला एका लग्नाला जाताना अतीतजवळ मागून एक टेम्पो आला. त्यात मेंढरं भरली होती. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि सहज पुढे निघून गेला. एवढ्यावर भागलं असतं. पण टेम्पोत अगदी मागे एक वाकड्या शिंगांचा मेंढा उभा होता. तो काशीळ येईपर्यंत लालासाहेबांकडे एकटक बघत राहिला.

"आवं, त्यो तुमाला वळखतोय वाटतं," चंद्राबाई म्हणाल्या.

लालासाहेब लग्नात जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाथाजीला बोलावून घेतलं. नाथाजी त्यांचा चुलतभाऊ, फौजेत बावीस वर्षं ड्रायव्हर होता आणि हवालदार होऊन परत आला होता. गावात कुणाचंही इंजिन बंद पडलं की तो पाठीमागे हात बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"ला फार मान होता. बावीसपैकी बारा वर्षं तो कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर भाजी आणायच्या जीपवर होता, ही गोष्ट त्याच्या बायकोनं पापड लाटताना आम्हा बायकांना सांगून टाकली होती. पण पुरुषांच्या कानावर पापडाच्या वेळची बोलणी जात नाहीत.

नाथाजीनं पिकपभोवती फेरी मारली. "हं," तो म्हणाला. "दादा, इंजिनात काय बी खोट न्हाई. खोट हाय ती पाठीमागं."

मग तो स्वयंपाकघरात आला आणि चंद्राबाईंची कणकेची परात आणि एक वाटी घेऊन ओट्यावर मांडून बसला. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं आणि एक लहान. त्यांना म्हणायचं क्राऊन आणि पिनियन. परात म्हणजे क्राऊन, वाटी म्हणजे पिनियन.

"आता कसं होतंय," नाथाजी म्हणाला, "वाटी पाच फेऱ्या मारती तवा परात एक फेरी मारती. म्हंजे इंजिन मरस्तवर पळतंय आन चाक आपलं निवांत. हे क्राऊन-पिनियन बदलायचं. वाटीनं साडेतीन फेऱ्या मारल्या की परातीची एक झाली पायजे. तेवढ्याच इंजिनात गाडी दीडपट पळती. मिलिटरीत समद्या हायवेच्या गाड्यांना असंच असतं."

"म्हंजे इंजिन तेच?" लालासाहेबांनी विचारलं.

"तेच. हायवेला फस्क्लास."

चंद्राबाई परात परत मिळायची वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, पळंल ती. पण मग वडंल का?"

दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू परातीनंच तोंड उघडलं. नाथाजी हसून म्हणाला, "वैनी, ह्ये टेक्निकल हाय."

तसलं क्राऊन-पिनियन साताऱ्यात मिळालं नाही. ते मिळालं सांगलीला, बिराप्पाच्या वखारीत. बिराप्पा जुन्या गाड्यांचे भाग विकायचा. मूळचा जतच्या पलीकडचा, बोलताना मधेच कानडी यायचं. वखारीत गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू तो अंधारात हात घालून बाहेर काढायचा आणि देण्याआधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचा. धंदा म्हणून ही सवय वाईटच.

"पळायला भारी हाय री, साहेब," बिराप्पा म्हणाला. "पर ह्याला जोर न्हाई. तुमच्या वाटंत घाट हाय काय?"

"आमची वाट सातारा-सांगली," लालासाहेब म्हणाले. "मधी कुठला आलाय घाट?"

"वझं किती घालता?"

"आमी काय हमाल हाय का? माणसं बसत्यात."

बिराप्पानं मान हलवली. "मग हे जुनं तरी ठिऊन घ्या. पुना लागतंय."

नाथाजीनं जुनं क्राऊन-पिनियन बदल्यात द्यायचं आधीच कबूल केलं होतं. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बिराप्पा, मागचं मागं टाकायचं. आमी आता मागं बघणार न्हाई."

हे वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हटलं. वखारीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि बिराप्पानं तर पुढे आयुष्यभर लक्षात ठेवलं.

नाथाजीनं आठ दिवस पिकपखाली पडून काम केलं. हे मात्र कबूल केलं पाहिजे की काम त्यानं चोख केलं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि लालासाहेब, नाथाजी आणि चंद्राबाई नागठाण्याहून उंब्रजकडे हमरस्त्यानं निघाले. चंद्राबाई हौद्यात बसल्या होत्या, कारण केबिनमध्ये टेक्निकल बोलणं चालणार होतं.

दहा मिनिटांत लालासाहेबांनी गाडी बाजूला घेतली. चेहरा उतरला होता.

"नाथाजी, काटा तीसच दावतोय की रं. पैलंबी तीसच, आताबी तीसच. मग आठ दिस खाली पडून काय झोपला हुतास?"

नाथाजीनं काट्यावर टिचकी मारली. काटा हलला नाही. आता झालं होतं असं की या गाडीत वेगाचा काटा चालतो गिअरबॉक्सवर. त्याला मागच्या चाकांत काय बदललं याचा पत्ताच नव्हता. तो बिचारा जुन्या हिशेबानंच वेग सांगत होता. नाथाजीला हे माहीत असायला हवं होतं, पण भाजीच्या जीपचा काटा कधी उघडावा लागला नव्हता. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. रस्त्याकडेच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत वेळ मोजली. बावन्न सेकंद. पण दगड किलोमीटरचे आणि काटा मैलांचा. दोघं आंब्याच्या झाडाखाली बसून धुळीत काडीनं आकडे मांडायला लागले. एकदा उत्तर आलं सतरा, एकदा एकशे दहा.

"आवं," हौद्यातून आवाज आला. "माझा पदर अतीतला डोक्यावरनं उडाला त्यो काशीळपातूर हातात आला न्हाई. यापरीस किती वेग पायजे तुमाला?"

लालासाहेबांना पटलं. तिथून पुढे ते सुटले. उंब्रजला पोचेपर्यंत त्यांनी दोन यष्ट्या आणि एक साखर कारखान्याची जीप मागे टाकली. इंजिन तर इतकं गप्प की नाथाजी हळू आवाजातसुद्धा स्वतःचं कौतुक करू शकत होता. महिनाभर लालासाहेब काही ना काही काम काढून हमरस्त्यावर जात होते. कराडहून कोथिंबीर आणत होते. गावात कुणी वेळ विचारली तरी ते नागठाणे-उंब्रज किती मिनिटांत होतं तेच सांगत होते.

आणि मेअखेर विजयमालेच्या नेमणुकीचा कागद आला.

विजयमाला ही त्यांची थोरली मुलगी. डी.एड. झालेली, सरळ, कमी बोलणारी. आमच्या आळीतली नोकरीला लागणारी ती पहिलीच मुलगी. त्या कागदासाठी तिनं एक वर्ष वाट पाहिली होती आणि दोन स्थळं अंगावर आलेली परतवली होती. तिसरं स्थळ तासगावचं होतं. मुलाचे वडील आषाढापर्यंत थांबायला तयार होते. लालासाहेबांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "नोकरी लागली तर लागली. न्हाईतर आषाढात हळद." कागदात लिहिलं होतं, दहा जून, सोमवार, दुपारी बाराच्या आत पंचायत समितीच्या कचेरीत हजर व्हावं, नपेक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला नेमण्यात येईल. आणि ती कचेरी होती खंडाळ्याला.

खंडाळा साताऱ्याच्या उत्तरेला. सातारा आणि खंडाळ्याच्या मधे खंबाटकीचा घाट.

चंद्राबाईंनी कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, "सकाळच्या यष्टीनं मी जाते तिच्यासंगं. धाला पोचवती यष्टी."

"लालासाहेबाची लेक यष्टीनं हजर हुणार?" लालासाहेब म्हणाले. "दारात हायवेची गाडी हुबी असताना?"

"आबा, मला चालेल यष्टी," विजयमाला म्हणाली.

"तुला चालंल. मला चालायची न्हाई."

एकदा पिकप न्यायची म्हटल्यावर सामान वाढत गेलं. परगावी एकटी मुलगी कशी राहणार म्हणून लीलाबाई सोबत निघाल्या. या लालासाहेबांच्या थोरल्या विधवा बहीण, सगळ्या गावाच्या आक्का. आक्का निघाल्या म्हणून त्यांची लोखंडी खाट निघाली. मग ट्रंका, वळकट्या, ज्वारीची दोन पोती, गुळाची ढेप, पाट्यावरवंट्याचा जोड, लोणच्याच्या तीन बरण्या. खंडाळ्यात जणू दगडसुद्धा मिळत नाही. बांधलेल्या भाकरी, त्यावर झाकण म्हणून एक मोठं पितळी ताट. बायका तिघी हौद्यात, पुरुष दोघं केबिनमध्ये.

साडेसातला निघायचं ते आक्कांना पंचांगात चांगला चौघडा सापडेपर्यंत सव्वाआठ झाले. पण लालासाहेबांनी खरंच गाडी उडवली. सातारा गेलं, पाचवड गेलं, भुईंज गेलं. सुरूरच्या फाट्यावर वाईची यष्टी वळत होती, तिच्या ड्रायव्हरला त्यांनी हात केला. दहालाच ते घाटाच्या पायथ्याला होते. घड्याळ फक्त विजयमालेकडे होतं, कारण नाथाजीचं परवा नळाखाली भिजलं होतं.

पहिलं वळण दुसऱ्या गिअरमध्ये झालं. दुसऱ्या वळणाला नाथाजी म्हणाला, "दादा, पैला टाका." पहिला टाकला. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे इंजिनानं एक मोठा उसासा सोडला आणि पिकप थांबली. थांबली आणि हळूच मागे सरकायला लागली.

"दगड लावा!" नाथाजी ओरडत उडी मारून उतरला आणि त्यानं चाकामागे दगड लावला.

त्यांनी पुन्हा चालू केली. दहा पावलं गेली, पुन्हा दगड. बायका उतरल्या. वीस पावलं, दगड. खाट उतरली. पोती उतरली. पाटा उतरला. नाथाजी दरवेळी पिकपभोवती फेरी मारत होता, पण "हं" म्हणत नव्हता. लालासाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. पंधरा माणसं आणि विहिरीचं इंजिन ओढणारी ती गाडी आता एका गुळाच्या ढेपेला दमली होती.

"वाटी आन परात," चंद्राबाई कुणाकडे न बघता म्हणाल्या.

तेवढ्यात मागून घंटा वाजायला लागल्या. एक धनगर मेंढरं घेऊन घाट चढत होता. धुळा त्याचं नाव. पावसाआधी तो फलटणकडच्या आपल्या माळाला परतत होता. बरोबर सामानाचं तट्टू, तट्टावर कोंबड्या. मेंढरं पिकपच्या दोन्ही बाजूंनी निघाली, जशी ओढ्यात दगडाच्या बाजूनं पाणी जातं तशी. एकही थांबलं नाही. लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. टेम्पोतल्या मेंढरांनी मागे टाकलं होतं ते एक वेळ समजण्यासारखं. ही पायी होती.

"पाव्हनं," धुळानं विचारलं, "सामान तट्टावर टाकू का? माथ्यावर पोचवतो."

"नगं," लालासाहेब म्हणाले. "इंजिन तापलंय जरा."

"इंजिन न्हवं, दादा हो. वझं लय झालंय तिला."

"तुला मोटारीतलं काय कळतं रं?"

"मोटारीतलं न्हाई कळत. चढ कळतो."

एक यष्टी वर गेली. विजयमालेनं हात केला, पण चढावर यष्टी थांबत नाही. ड्रायव्हरनं तिला उलटा हात केला, जसा लालासाहेबांनी सुरूरला केला होता. विजयमालेनं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. तिनं नेमणुकीचा कागद पिशवीतून काढून पोलक्यात ठेवला, चपला घट्ट केल्या आणि म्हणाली, "मी चालत निघते. मेंढरांबरोबर जाते. तुम्ही या मागून."

"लेक पायी हजर हुणार?" लालासाहेब म्हणाले. "लोक काय म्हंतील?"

"हजर झाली म्हणतील."

तेव्हा नाथाजी खाकरला. बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी होतं आणि ते बोलायची त्याची तयारी होत नव्हती.

"दादा, एक इलाज हाय. समद्यात जास्त जोर रिवर्स गिअरला असतो. पैल्यापरीस जास्त. मिलिटरीत शिकवत्यात. गाडी उलटी फिरवायची आन पाठमोरी चढवायची."

मग आक्का बोलल्या. त्या ज्वारीच्या पोत्यावर बसल्या होत्या.

"पाठमोरी? पोर पैल्या कामाला निघाली आन पाठमोरी? ह्ये मी हू द्यायची न्हाई. चांगल्या कामाला जाताना तोंड फिरवून कोण जातं का? मयताला गेल्यावानी?"

"आक्का, दुसरा मार्ग न्हाई," लालासाहेब म्हणाले.

"मग इथंच बसा."

इथे चंद्राबाई पुढे झाल्या. त्यांनी आधी हौद्याकडे पाहिलं, मग वर माथ्याकडे, मग केबिनकडे.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "आपण हौद्यात बसणार. मागल्या फाळक्याकडं तोंड करून बसायचं. गाडी पाठमोरी चढली म्हंजे फाळका पुढं. आपली तिघींची तोंडं सरळ खंडाळ्याकडं. पाठ ज्येंची व्हायची त्येंची हू दे."

आक्कांनी बोटं फिरवून हिशेब केला. तोंडं खंडाळ्याकडे येत होती. "मग चालंल," त्या म्हणाल्या.

वळणावर धुळानं वरून येणारे ट्रक काठी आडवी धरून थांबवले आणि लालासाहेबांनी पिकप फिरवली. रिव्हर्स टाकला. सगळं सामान पुन्हा चढवलं होतं. पिकप एकदा गुरगुरली आणि शांतपणे चढायला लागली. खाटेसकट, पोत्यांसकट, पाट्यासकट. तिला जणू काही झालंच नव्हतं.

अडचण दिसण्याची होती. मागची काच खाटेनं झाकली होती आणि आरसा सत्तर सालीच गेला होता. नाथाजी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळला, तर समोरून आलेल्या ट्रकानं त्याची टोपी नेली. मग चंद्राबाई हौद्यात उभ्या राहिल्या, पदर खोचला, भाकरीवरचं पितळी ताट काढलं आणि केबिनच्या टपावर ठोकायला लागल्या. एक ठोका डावीकडे, दोन ठोके उजवीकडे असं ठरलं. पहिला ठोका पडला आणि पिकप थेट कठड्याकडे निघाली.

"डावीकडं म्हनलं हुतं!" चंद्राबाई म्हणाल्या.

"डावीकडंच घेतली की!" केबिनमधून उत्तर आलं.

दोघांचंही खरं होतं. तोंडं उलट दिशांना असल्यावर नवऱ्याचं डावं ते बायकोचं उजवं. एरवीही तसंच होतं, पण एरवी खाली दरी नव्हती.

चंद्राबाईंनी विचार करायला पाव मिनिट घेतलं. "डावं-उजवं बंद. डोंगराला एक, दरीला दोन. डोंगर आन दरी तरी दोघांची एकच हाय ना?"

ती एकच होती. ताट वाजत राहिलं, पिकप चढत राहिली. धुळाच्या मेंढरांना त्यांनी माथ्याजवळ गाठलं. मेंढरांनी वाट दिली. या वेळी मात्र त्यांच्याकडे बघत होत्या त्या तिघी बायका. लालासाहेब बघत होते खाली, जिथून आले होते तिकडे.

माथ्यावर लालासाहेबांनी गाडी थांबवली. "आता सरळ करायची. खंडाळ्यात शिरताना गाडी सरळ पायजे." त्यांनी रिव्हर्समधून गिअर काढायला दांडा ओढला. तो निघाला नाही. नाथाजीनं ओढला. दोघांनी मिळून ओढला. नाथाजीनं पाय लावला. इतकी चढण एकाच गिअरात काढल्यावर दांडा जो रुतून बसला तो बसलाच.

हौद्यातून आवाज आला, "आबा, अकरा पस्तीस."

"मी बिराप्पाला म्हनलं हुतं," लालासाहेब पुटपुटले, पण काय म्हटलं होतं ते त्यांनी पुरं केलं नाही.

घाट उतरताना तसा त्रास झाला नाही. त्रास झाला खंडाळ्याच्या बाजारात. तिथे ना डोंगर ना दरी. चंद्राबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि केबिनकडे ओरडून सांगितलं, "आता हाटेलं म्हंजे डोंगर, गटार म्हंजे दरी." सोमवार, दुपारची वेळ, रस्त्यावर माणसंच माणसं. एका हॉटेलाच्या बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. त्यांना दिसली ती एक पिकप, पाठमोरी येणारी, हौद्यात तीन बायका सिंहासनावर बसाव्यात तशा ताठ, एकीच्या हातात पितळी ताट. केबिनमध्ये दोन पुरुष, मिशा भरघोस, नजर आल्या वाटेला लागलेली.

कचेरीच्या दारात पिकप थांबली तेव्हा शिपाई बाहेर आला. खाट पाहिली, पोती पाहिली, दाराकडे लावलेला फाळका पाहिला.

"सामान भरायला आलायसा व्हय?" त्यानं विचारलं. "कुणाची बदली झाली म्हनायची?"

विजयमाला फाळक्यावरून उतरली. केसात धूळ, साडीला लोणच्याचं तेल. "बदली नाही. मी हजर व्हायला आलेय."

आतल्या साहेबांनी खिडकीतून एकदा तिच्याकडे, एकदा पिकपकडे पाहिलं. "तुम्ही आलात की निघालात?"

"आले," विजयमाला म्हणाली आणि रजिस्टरवर सही केली. वेळ टाकली, अकरा पंचावन्न.

बाहेर केबिनमध्ये लालासाहेब अजून बसून होते. मिशीवरून हात फिरवून ते नाथाजीला म्हणाले, "यष्टीनं यवडं सामान आलं असतं का?"

दुपारी सगळ्यांनी कचेरीच्या पारावर भाकरी खाल्ल्या. आक्का आणि विजयमालेला एक खोली मिळाली, सामान तिथे गेलं. नाथाजी गिअरच्या दांड्याशी झटत होता. चंद्राबाईंनी हात धुतले, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "तीनची यष्टी हाय. मी निघते."

"आन आमी?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमाला हायवेची गाडी हाय की."

"अगं पण मागलं कोण बघणार?"

चंद्राबाई परत फिरल्या. त्यांनी पितळी ताट नवऱ्याच्या हातात दिलं. "डोंगराला एक, दरीला दोन," त्या म्हणाल्या. "इसरू नगा."

त्या दिवस मावळायच्या आत घरी होत्या. पुरुष दोघं तिसऱ्या दिवशी आले, गाडी सरळ होती, आणि वाटेत काय झालं ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. ते सांगितलं धुळानं. पुढच्या हिवाळ्यात त्याची मेंढरं चंद्राबाईंच्या रानात खतासाठी बसली होती, तेव्हा त्यानं त्यांना ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या माथ्यावरच्या आपल्या तळावरून त्यानं तीच पिकप पाठमोरी जाताना पाहिली होती. नाथाजी चालवत होता आणि लालासाहेब हौद्यात उभे राहून ताट वाजवत होते. गिअरचा दांडा सुरूरच्या फाट्यावर एका सायकल दुरुस्तीवाल्यानं वरचं झाकण काढून पेचकसानं सोडवला. त्याला त्यासाठी एक बिडी पुरली, असं धुळा म्हणाला; घाट पुन्हा उतरताना त्यानं ते त्या सायकलवाल्याकडूनच ऐकलं होतं.

त्यानंतर लालासाहेब सांगलीला गेले, जुनं क्राऊन-पिनियन परत मागायला. बिराप्पानं ते केव्हाच एका गुऱ्हाळवाल्याला विकलं होतं. त्यानं लालासाहेबांना चहा पाजला आणि विचारलं, "साहेब, आता मागं बघताय काय री?" पिकप नंतर चिखलातही चालेना आणि हमरस्त्यावर न्यायची लालासाहेबांची इच्छा उरली नाही. ती विहिरीजवळ उभी राहिली, तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. ब्याऐंशी साली ती भंगारात गेली. नाथाजीनं साताऱ्यात गॅरेज काढलं आणि ते चाललंही, कारण तिथे त्यानं हाताखाली एक काम येणारा माणूस ठेवला होता. धुळाच्या मुलानं टेम्पो घेतला. आक्का चार महिन्यांसाठी म्हणून खंडाळ्याला गेल्या त्या अकरा वर्षं, शेवटपर्यंत, तिथेच राहिल्या. पुन्हा तो घाट ओलांडायचा नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती आणि ती पाळली. तासगावचं स्थळ आषाढात दुसरीकडे बोहल्यावर चढलं. विजयमालेनं तीन वर्षांनी स्वतः निवडलेल्या शिक्षकाशी लग्न केलं आणि ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली.

लालासाहेब नव्वद साली गेले. शेवटपर्यंत ते यष्टीनं फिरले, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून त्याला कोणता गिअर टाकायचा ते सांगायचे. पाहुण्यांना नागठाणे-उंब्रज किती मिनिटांत होतं तेही सांगायचे. चंद्राबाईंनी त्यांना कधी अडवलं नाही. त्या ताटाच्या काठाला मात्र टपावर आपटून आपटून पोचे पडले होते आणि ते जमिनीवर ठेवलं की एका बाजूला डुगडुगायचं. घरात दुसरी डझनभर ताटं होती. पुढची सोळा वर्षं लालासाहेबांना जेवायला ते वाढलं जायचं, आणि त्यांनी एकदाही ताट बदलून मागितलं नाही.